कडी असलेली खोली

दौऱ्यावरून परत आले की शेजारच्या बायका विचारतात, गाणं कसं झालं. बाई, तू झोपलीस कुठे, हे आजवर एकीनेही विचारलेलं नाही. खरं तर गाण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पदं तीच, पेटी तीच, आणि 'वन्स मोअर' म्हणून ओरडणारे गृहस्थही सगळ्या गावांत एकाच चेहऱ्याचे. झोपण्याबद्दल मात्र मी ग्रंथ लिहू शकेन.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हा दुसरा हिवाळा. वाई, सातारा, कोयनानगर, दहिवडी, कवठे महांकाळ आणि सांगली अशी फेरी करून आम्ही नुकतेच नाशिकला परतलो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगते की मुलूख देखणा आहे, माणसं अतिशय प्रेमळ आहेत, आणि त्या प्रेमापासून गाणाऱ्या माणसाने जमेल तितकं लांब राहावं.

आम्ही तिघे होतो. गाणारी मी. पेटीवर आमचे हे. एरवी बँकेत असतात, आणि वर्षभर तापातसुद्धा कामावर जाऊन रजा साठवतात ती या दौऱ्यांसाठी. तबल्यावर बाबूराव. बाबूरावांना बसायला सांगितलं की ते बसतात, वाजवायला सांगितलं की वाजवतात आणि काहीच सांगितलं नाही की जिथे असतील तिथे झोपतात. असा माणूस दौऱ्यावर फार सुखी असतो.

दौऱ्याची आखणी ह्यांची. लॉजात पैसे घालणं म्हणजे पैसे देऊन ढेकूण पोसणं, हे ह्यांचं मत. म्हणून प्रत्येक आयोजकाला आधीच कळवलेलं असतं की, आमची सोय एखाद्या रसिकाच्या घरी करा, लॉजचा खर्च करू नका. आयोजकांना असा कलावंत कुठे मिळतो! ते लगेच रसिक शोधतात. आणि रसिक म्हणजे कोण? ज्याच्या घरी एक जास्तीची गादी आहे तो.

माझी मागणी साधी होती. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम सांगलीला होता. नाट्यपदं सांगलीइतकी कुठे पाठ नसतात. तिथे एखादी जागा हुकली की तिसऱ्या रांगेतला माणूस ती स्वतः म्हणून दाखवतो. पूर्वी एकदा मी तिथे बसलेल्या घशाने गायले होते आणि त्यानंतर कित्येक वर्षं सांगलीने मला विचारलं नाही. आता विचारलं होतं, ते बहुधा शेवटचंच. त्यामुळे सांगलीला गाण्याआधी मला एक दुपार हवी होती. आतून कडी लागते अशी खोली, आणि त्या खोलीत तोंड मिटून पडून राहायचं. घसा टिकवायचा तर दुसरं औषध नाही. हे मी ह्यांना नाशिकच्या स्टँडवरच सांगितलं होतं. "बघू," म्हणाले.

वाई

वाईला आम्ही कृष्णेच्या घाटाजवळ एका वकिलांकडे उतरलो. घाट पाहून जीव निवला. आमच्या गोदाघाटावर पाय ठेवायला जागा नसते, इथे सकाळी धुक्यात चार बायका धुणं आपटत होत्या आणि बाकी सगळा घाट मोकळा. देवळाची सावली पाण्यात पडली होती. वाईकरांना त्याचं काही वाटत नाही, ते तिथे दात घासतात.

अडचण आली ती मला झोपवायचं कुठे याची. दिवाणखान्यात हे आणि बाबूराव, म्हणजे पुरुष. तिथे मी चालणार नाही. माजघरात वकीलीणबाई, त्यांच्या जावा आणि मुली. तिथेही मी चालेना, कारण मी पुरुषांसमोर बसून गाते आणि त्याचे पैसे घेते. तसं कुणी बोललं नाही. वकीलीणबाई फक्त म्हणाल्या, "तुम्हाला आमच्यात अवघडल्यासारखं होईल हो." अवघडणार कोण होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बराच खल होऊन माझी गादी मधल्या खोलीत पडली. या खोलीला दोन दारं. एक पुरुषांकडे उघडणारं, एक बायकांकडे, आणि कडी एकालाही नाही. परसाकडे जायची वाट याच खोलीतून. जाणारा प्रत्येक जण माझ्या उशाशी थांबून मायेने विचारी, "झोप लागत नाही वाटतं?"

सकाळी चहा घेता घेता वकीलसाहेब म्हणाले, "आता घरच्या मंडळींसाठी जरा गुणगुणा." गुणगुणा म्हणजे पेटी लावा, तबला लावा आणि जमलेल्या सगळ्या आळीसमोर नऊ पदं म्हणा. मी त्यांना म्हणणार होते, साहेब, आमच्या भाडेकरूवरचा दावा तुम्हीही जरा गुणगुणा की. पण ह्यांनी पेटी उघडली होती.

साताऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. तिथले रसिक पेढेवाले होते. दुकानाच्या माडीवर आम्ही आणि खाली दिवसभर आटणारा खवा. धूर जिन्याने वर यायचा आणि दर तासाला त्याच्या मागून गरम कंदी पेढ्यांची बशी यायची. पेढा उत्तम, याबद्दल वाद नाही. पण गाण्याआधी तुपासाखरेचा गोळा गिळणं म्हणजे पेटीच्या भात्यात खळ ओतण्यासारखं आहे. नको म्हटलं की पेढेवाल्यांचं तोंड उतरायचं, आणि फुकट राहणाऱ्याने घरधन्याचं तोंड उतरवायचं नसतं. असे पैसे वाचतात.

कोयनानगर

कोयनेला जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे एवढंच सांगते, पुढचं गाडीतल्या खिडक्यांना विचारा. वर पोचल्यावर मात्र डोंगर, धरणाची भिंत, अडवलेलं निळं पाणी आणि थंड हवा. मी खूश झाले. प्रकल्पाच्या वसाहतीत एका ओव्हरसियरच्या क्वार्टरमध्ये आमची सोय होती. गृहस्थ मूळचे पाटणकडचे, साधे आणि कमी बोलणारे. त्यांनी दार ढकलून मला खोली दाखवली. स्वतंत्र खोली! खाट, खिडकी, पाण्याचा तांब्या, आणि दाराला आतून चांगली हातभर लोखंडी कडी. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"ताई, येकच सांगतो," ते म्हणाले. "कडी तेवढी लावू नका."

"का हो?"

"हितं कुणीच लावत न्हाई. भुकंप झाला तवा दारं अडकली. कडी काडंस्तवर..." ते तिथेच थांबले. मग म्हणाले, "दार उघडंच ऱ्हाऊ द्या. आन उशाला, वर फळीवर काय ठिऊ नका."

मग पाहिलं तर घरभर तीच रीत. फळ्या रिकाम्या. डबे, भांडी, देव, सगळं जमिनीवर. खाटा भिंतीपासून लांब. दारं सताड उघडी. मीही माझा तांब्या उचलून जमिनीवर ठेवला.

पण दार उघडं म्हणजे उघडंच. वसाहतीतली यच्चयावत पोरं, त्यांच्या आया, दोन कोंबड्या आणि शेवटी सत्काराला हार कसला हवा ते विचारायला आलेले क्लबचे सेक्रेटरी, असे सगळे माझ्या विश्रांतीत येऊन गेले. दुपारी चहा घेत होतो, तेव्हा तांब्यातलं पाणी थरथरलं. जमिनीखालून जड लॉरी गेल्यासारखा आवाज. घरातली माणसं कपबशा हातात घेऊन शांतपणे अंगणात गेली. शेजारचेही आपापल्या कपांसह बाहेर आले, एकमेकांना "काय, जेवण झालं का?" असं विचारलं, आणि जरा वेळाने सगळे परत आत गेले. बाबूराव झोपेतच होते, त्यांना काही कळलं नाही. आमचे हे मात्र सगळ्यांच्या आधी अंगणात. काखेत पेटी. मी आतच.

"पेटी घेतलीत," मी म्हटलं.

"हाताशी होती," हे म्हणाले.

मीही हाताशीच होते. पण नव्या पेटीपेक्षा नवी बायको आणायला खर्च कमी येतो.

दहिवडीजवळ

माण तालुक्यात उतरलो आणि हिरवा रंग संपला. उघडे माळ, दगड, मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्यामागे घोंगडं घेतलेला एखादा म्हातारा. तरुण बाप्ये सगळे मुंबईला. गावच्या जत्रेसाठी ते सुट्टीवर आले होते आणि त्यांनीच वर्गणी काढून आम्हाला बोलावलं होतं. इथले आमचे यजमान पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून सगळं समजावलं.

"पानी येका माणसाला येक बादली. त्यातच आंगूळ, त्यातच समदं. जेवान सात वाजता. लाईट आउट नवाला. सकाळी पाचला उठायचं. काय डाऊट?"

"कार्यक्रमच नवाला सुरू होणार आहे," हे म्हणाले.

सुभेदारांनी विचार केला. "मग आजच्यापुरती सवलत."

मला चुलीपाशी सुभेदारीणबाईंच्या स्वाधीन केलं. ही बाई मला फार आवडली. वाईसारखं अवघडणं नाही की मधली खोली नाही. बाजरीची भाकरी थापता थापता तिने थेट विचारलं, "आवं, तुमी धा बाप्यांम्होरं गाता, तर मालक काय म्हनत न्हाईत?"

"ते पेटी वाजवतात," मी म्हटलं.

"आगं बया! म्हंजी संगं फिरत्यात?"

"फिरतात."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "आमचं मालक वीस वरीस पलटनीत. म्या येकदाबी रेल्वे बगितली न्हाई. तुमचं बरं हाय." मग माझ्या ताटलीत तिने खर्ड्याचा एवढा मोठा गोळा ठेवला की तो पाहूनच डोळ्यांत पाणी आलं. "खावा, खावा. आवाज खुलतोय."

आवाज खुलला नाही. खर्डा आवाजावरून नांगरासारखा गेला. आमच्या नाशकातही मिरची खातात, पण ती जेवणात तोंडी लावायला असते. इथे भाकरी खर्ड्याला तोंडी लावतात. थंडी म्हणून शेळीची दोन करडं आमच्याबरोबर घरात बांधलेली, त्यातलं एक माझ्या शालीवर येऊन बसलं आणि शाल चघळायला लागलं. सकाळी सुभेदारांनी पाचला उठवलं ते स्वतः, काठीने पत्र्यावर ठोके मारून. घसा खरखरत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "हुरडा आलाय म्हणे शेतावर. खाऊनच जाऊ." गेलो. शेकोटीचा धूर राहिला होता, तोही घेतला.

कवठे महांकाळ

कवठ्याचे यजमान शेंगदाण्याचे आडते. घर मोठं, जेवण चोख. शाळूची पांढरीशुभ्र भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. मी दही बाजूला सारलं. मला इथे सगळे 'अक्का' म्हणत होते, ते कानाला बरं वाटलं. आडत्यांनी तर माझ्यासाठी वेगळी खोली काढली होती. आत गेले, दार लोटलं, कडीला हात घातला, तोच बाहेरून हाक.

"अक्का, जरा काम हुतं."

काम असं, की त्यांच्या सुमनला उद्या पाहायला येणार होते. मुलाकडचे गाण्याचे शौकीन. मुलीला गाणं येतं असं मध्यस्थाने ठोकून दिलं होतं. आता मुलीला एका दुपारीत एक पद शिकवायचं. "पोरगी सुरात हाय बगा," आडते म्हणाले, "फकस्त जरा तालात मागंफुडं हुतंय."

पोरगी सुरात नव्हती. तालातही नव्हती. पण गुणी होती आणि घाबरलेली होती, म्हणून मला नाही म्हणवेना. अख्खी दुपार मी एकच ओळ म्हणत राहिले आणि ती त्या ओळीच्या आसपास कुठेतरी फिरत राहिली. पेटीवर हे. तबल्याला उठवलं नाही, कारण ताल असण्याची गरज नव्हती. शेवटी आडते हळूच म्हणाले, "असं केलं तर? सुमन हितं बसंल. तुमी आतल्या अंगाला, पडद्याआड. तुमी म्हनायचं, तिनं तोंड हलवायचं."

"आणि लग्नानंतर?" मी विचारलं. "मी सासरी पाठराखीण म्हणून जायचं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघण्याआधीच पाहुणे आले. त्यांनी मुलीला चालायला लावलं, घड्याळात किती वाजले ते विचारलं आणि भाकरी करता येते का ते विचारलं. गाण्याचं नाव कुणी काढलं नाही. चहापोहे झाल्यावर मुलाचे काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या पावन्या गानाऱ्या न्हवं? म्हना की येकांदं." मी तोंड उघडलं आणि आतून जो आवाज आला तो ऐकून कोपऱ्यातलं मांजर उठून गेलं. ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

सांगली

सांगलीच्या गाडीत बसल्या बसल्या मी ह्यांना खुणेने नव्हे, उरलेल्या आवाजात सांगितलं. आज रसिक नको. आज लॉज. सांगलीच्या मंडळाचे चिटणीस त्यांच्या बहिणीकडे आमची सोय करून बसले असतील तर बसू देत. मी सरळ लॉजात जाणार, कडी लावणार आणि संध्याकाळपर्यंत ती काढणार नाही.

मला वाटलं होतं हे पैशाचं काढतील. ते नुसते खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "आज नको ना. बहिणीकडे बरं पडेल."

"तुम्ही जा बहिणीकडे," मी म्हटलं.

सांगलीत उतरून नाट्यगृहाच्या जवळचंच एक लॉज मी गाठलं. स्वच्छ, जिना धुतलेला, गल्ल्याच्या मागे देवाची तसबीर, उदबत्ती. शेजारी भिंतीवर आमच्या कार्यक्रमाची जाहिरात चिकटवलेली, त्यात माझा फोटो, तरुणपणचा. गल्ल्यावर मालक. पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं अदबीचं.

"खोली हाय की," ते ह्यांना म्हणाले. "वरची देतो, वाऱ्याची. दोन खाटा हैत."

"कडी आहे?" मी विचारलं.

"आत-भाईर दोन्ही कडं."

एवढ्यात बाबूराव मागून तबला घेऊन जिन्याच्या तोंडाशी टेकले. मालकांनी तबला पाहिला. पेटी पाहिली. मग भिंतीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाव काय म्हणाला?"

"मराठे," हे म्हणाले.

"आन बाई?"

"बायको माझी."

"हितं तर आगटे ल्हिवलंय. कमल आगटे."

हे समजावायला लागले. मी लग्नाआधीपासून रेडिओवर गाते, ते नाव लोकांना माहीत झालेलं, म्हणून जाहिरातीत माहेरचं आडनाव तसंच ठेवलं. गाणाऱ्या कितीतरी बायका ठेवतात. मालक सगळं ऐकत होते आणि मान हलवत होते, पण 'हो' अशी नव्हे. मी पदरातून मंगळसूत्र बाहेर काढून धरलं.

"मंगळसूत्र काय वो," मालक म्हणाले, आवाज जराही न चढवता. "कुनीबी घालतंय. राग मानू नगा. आमच्या वडलांपासनं नेम हाय. घरंदाज मंडळी उतरत्यात हितं. गान्याबजावन्याच्या बायांना आमी खोली देत न्हाई."

मंगळसूत्र अजून माझ्या हातातच होतं.

"संध्याकाळी येनार हाय की आमी," मालक समजूत काढल्यासारखे म्हणाले. "समदं घर. तिकिटं काढल्यात, तिसऱ्या रांगंची. तुमचं गानं लय आवडतं घरात."

मी ह्यांच्याकडे वळले. भांडतील, निदान लाल तरी होतील, असं वाटलं होतं. ह्यांनी हातातली बॅग खालीसुद्धा ठेवलेली नव्हती. आत शिरल्यापासून ती हातातच होती. ह्यांना काहीच नवीन वाटलेलं नव्हतं.

बाहेर आलो. नाट्यगृहाच्या वाटेवर एका झाडाखाली मी थांबले. "तुम्हाला ठाऊक होतं."

ह्यांनी बॅग खाली ठेवली. बाबूराव पुढे चालत राहिले. त्या माणसाला झोपेखेरीज दुसरीही अक्कल आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मागे एका दौऱ्यात, इस्लामपूरला," हे शेवटी म्हणाले. "तू स्टँडवर सामान सांभाळत बसली होतीस, मी खोली बघायला गेलो होतो तेव्हा. आणि त्याच्या आधी पंढरपूरकडे एकदा. तिथे तर लॉजवाल्याने 'गाणाऱ्या बायांना खोली मिळणार नाही' असा बोर्डच माझ्यासमोर बाहेर आणून दाखवला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुला संध्याकाळी गायचं होतं," हे म्हणाले.

मला राग आला. लॉजवाल्याचा आला तो वेगळा आणि ह्यांचा आला तो वेगळा. इतकी वर्षं चार माणसांत मी ह्यांना चिक्कू म्हणत आले आणि हे हसून म्हणवून घेत आले. मला जे ऐकावं लागू नये म्हणून ह्यांनी मला मधल्या खोलीत, माडीवर, करडांत झोपवलं, ते शेवटी मी ऐकलंच, आणि तेही बसलेल्या घशाने, गाण्याच्या दिवशी. निदान आधी माहीत असतं तर चार वाक्यं तयार ठेवली असती. हे सगळं मी त्यांना तिथेच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. हे मुळात चिक्कू आहेतच, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण तेवढेच नाहीत, हे मला सांगलीत झाडाखाली उभं राहून कळलं, आणि मला रडू आलं. घशाला रडणं खर्ड्याहून वाईट. म्हणून ते आवरलं.

नाट्यगृहाचा रखवालदार भला होता. त्याने रंगपटाची खोली उघडून दिली. आरसा, बाकडं, जुन्या पडद्यांची चवड. दाराला कडी होती तिथे नुसती दोन भोकं. मी पडद्यांच्या चवडीवर आडवी झाले. हे बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि पेटीच्या खोक्यावर बसून दाराला पाठ लावली. लाकूड करकरलं त्यावरून कळलं.

थोड्या वेळाने चिटणीस आले. बरोबर मोठे देणगीदार, त्यांच्या सौभाग्यवती, पाच मिनिटं भेट, फक्त नमस्कार. वाईपासून इथवर ह्यांनी कुणाला, कशाला, एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं.

"ती झोपली आहे," ह्यांचा आवाज आला. "उठवणार नाही."

"अहो, पण देणगीदार..."

"त्यांनी दिलेली देणगी परत न्यावी. उठवणार नाही."

झोप कसली लागते! पण मी डोळे मिटून, तोंड मिटून पडून राहिले, आणि दिवेलागणीपर्यंत त्या दारातून कुणीही आत आलं नाही.

गाणं झालं. वरच्या पट्टीतली दोन पदं सोडून दिली, बाकीची सांभाळली. ह्यांनी पेटी अशी हलकी ठेवली की आवाजाला कुठे ढकलावं लागलं नाही. तिसऱ्या रांगेत लॉजचे मालक सहकुटुंब बसलेले दिसत होते. माणूस जाणकार निघाला. दाद नेमकी हवी तिथे द्यायचा, एकदाही चुकला नाही. मूर्ख असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटचं पद झाल्यावर लोक रंगमंचाजवळ आले. त्यांत मालकांची बायको पुढे, मालक मागे. बाई गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, डोळ्यांत खरंखुरं पाणी. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "लय रडवलंसा आज. कुठं उतरलाय तुमी?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"म्हंजे? आवं, आमचं लॉज हाय की हितं, दोन पावलांवर! स्वच्छ हाय, चांगलं हाय. आमच्याकडं का न्हाई आलासा?"

मालक खाली बघून चपलेत पाय घालत होते. चप्पल घालायला इतका वेळ लागलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "चल," हळूच म्हणाले, "रातराणी गाडी चुकेल."

"चुकू दे," मी म्हटलं. मग त्या बाईंना सांगितलं, "का नाही आलो, ते तुमच्या यजमानांना विचारा. त्यांना माहीत आहे."

बाई हसतच मागे वळल्या. "काय वो? काय झालं?"

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभी राहिले.